ओळख पटते ती कराराने

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला नवा माउस जोडला की पुढच्याच क्षणी पडद्यावरचा बाण हलू लागतो. सीडी मागितली जात नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन काही उतरवून घ्यावे लागत नाही, संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा तर प्रश्नच येत नाही. पेन ड्राइव्ह, वेबकॅम, नेटवर्क कार्ड यांचीही तीच कथा. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे की मध्ये काही घडते याचाच विसर पडतो, आणि कुणी विचारलेच तर ‘सिस्टिम हुशार झाली’ एवढ्या उत्तरावर भागते. हे उत्तर उलटे आहे. हार्डवेअर ओळखताना ऑपरेटिंग सिस्टिमला जितकी कमी हुशारी लढवावी लागते तितके ते काम बिनचूक होते, असे गेल्या चार दशकांचा इतिहास सांगतो. यश आले ते एका करारामुळे, आणि त्या कराराची कलमे दोन आहेत. प्रत्येक उपकरणाने आपण कोण आहोत हे ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने सांगायचे, हे पहिले कलम. कोणते उपकरण कोणता ड्रायव्हर चालवतो याची नोंद त्या ड्रायव्हरबरोबरच, कुणालाही वाचता आणि दुरुस्त करता येईल अशी ठेवायची, हे दुसरे. पहिले कलम हार्डवेअर उद्योगाने लिहिले. दुसरे लिनक्सच्या मुक्तस्रोत पद्धतीने. दोन्ही पाळली जातात तिथे काम चोख होते. एखादे मोडले की कितीही चलाख आज्ञावली लिहा, उपयोग होत नाही.

करार नसताना काय होत होते ते आधी पाहू. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये जादा कार्डे बसवण्यासाठी जे स्लॉट होते, ती रचना पुढे आयएसए या नावाने ओळखली गेली. या स्लॉटमध्ये बसवलेले कार्ड मुके असे. ते कोणत्या कंपनीचे, कोणत्या कामाचे, हे त्याला विचारण्याची सोयच नव्हती. संगणकाने त्याच्याशी कोणत्या पत्त्यावर बोलायचे आणि त्याने प्रोसेसरचे लक्ष कोणत्या इंटरप्ट तारेवरून वेधायचे, हे कार्डावरचे चिमुकले जम्पर सरकवून माणूस ठरवी. साउंड ब्लास्टर कार्डासाठी पत्ता २२०, इंटरप्ट ५ आणि डीएमए १ अशी त्रिसूत्री त्या काळी अनेकांच्या तोंडी असे. संगणकावरचे खेळसुद्धा सुरू होण्याआधी हेच आकडे विचारत. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट धरला तर दोन्ही बंद पडत, किंवा त्याहून वाईट म्हणजे कधी चालत आणि कधी चालत नसत. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाची भाषा जाणणारी आज्ञावली. ती संगणकात असली तरी कार्ड नेमके कुठे आहे हे तिला कुणीतरी सांगावे लागे.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतले ते याच काळात. पत्ता माहीत नसलेल्या ड्रायव्हरपुढे एकच मार्ग उरे, तो म्हणजे चाचपणीचा. संभाव्य पत्त्यांवर एकेक करून काही लिहायचे, काही वाचायचे आणि आलेल्या उत्तरावरून तर्क बांधायचा. हुशारीचा कस इथे खरोखर लागे, आणि तिची मर्यादाही इथेच उघडी पडे. नेटवर्क कार्ड शोधण्यासाठी धाडलेला हुकूम त्या पत्त्यावर बसलेल्या भलत्याच कार्डाच्या हाती पडला, तर संगणक जागीच गोठे. म्हणून लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांची चाचपणी कोणत्या क्रमाने करायची याची यादी काळजीपूर्वक ठरवलेली असे, आणि अमुक पत्त्यांना हात लावू नकोस असे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरुवातीलाच बजावण्यासाठी ‘रिझर्व्ह’ नावाची सूचना देता येत असे. एनई२००० या तेव्हाच्या लोकप्रिय नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलचा सुटा भाग म्हणून, चालत्या संगणकात भरायचा असेल, तर तो चाचपणी करायला सरळ नकार देई आणि पत्ता मागे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना आपल्या तर्कशक्तीवरचा भरवसा किती कमी होता, हे त्या नकारातून कळते. अंदाज जितका धाडसी, तितका धोका मोठा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

सुटका झाली ती प्रश्न विचारण्याची रीत ठरल्यामुळे. १९९२ साली इंटेलने पीसीआय ही जोडणीची नवी पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांची एक ठरलेली जागा दिली गेली. या जागेतल्या पहिल्या दोन बाइटांत उत्पादकाचा क्रमांक, पुढच्या दोनांत उपकरणाचा क्रमांक, आणि आणखी थोड्या अंतरावर ते कोणत्या वर्गातले आहे, म्हणजे डिस्क चालवणारे, चित्र दाखवणारे की नेटवर्कचे, याची नोंद असते. उत्पादकांचे क्रमांक एकच संस्था वाटते, त्यामुळे दोघांना एक क्रमांक जात नाही. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण ठेवून ८०८६ हा क्रमांक घेतला. एका मार्गावर जास्तीत जास्त ३२ उपकरणे आणि प्रत्येकाची जास्तीत जास्त ८ अंगे असू शकतात, तेव्हा सुरू होताना कर्नल त्या प्रत्येक जागी शांतपणे विचारत जातो. रिकाम्या जागेवरून सगळे बिट १ असलेले उत्तर येते, आणि तो आकडा कोणत्याही उत्पादकाला दिलेला नसल्याने ‘इथे कोणी नाही’ हेही निःसंशय कळते. आपल्याला किती मोठी पत्त्यांची जागा हवी हेसुद्धा उपकरणच सांगते आणि वाटप संगणक करतो, त्यामुळे जम्पर इतिहासजमा झाले. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने हाच करार चालू संगणकापर्यंत नेला. तार खोचली की उपकरणाने १८ बाइटांचा आपला परिचय द्यायचा, त्यात उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक सांगायचा आणि आपला वर्गही सांगायचा. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याने ‘मी कीबोर्डांच्या वर्गातला’ एवढे सांगितले की एकच ड्रायव्हर सर्वांना पुरतो. अधल्यामधल्या काळात आयएसए कार्डांवरच प्लग अँड प्लेचे ठिगळ लावण्याचा प्रयत्न झाला, पण जुनी मुकी कार्डे आणि नवी बोलकी कार्डे एकाच संगणकात नांदत असल्याने ‘प्लग अँड प्रे’, म्हणजे जोडा आणि देवाचा धावा करा, अशी त्याची थट्टा झाली. अर्धवट पाळलेला करार अंदाजाहून फारसा बरा नसतो.

परंतु उपकरणाने नाव सांगितले म्हणजे काम संपले असे नाही. ते नाव ऐकून कोणाला हाक मारायची, हे कुठेतरी लिहिलेले हवे. लिनक्समध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या मूळ मजकुरातच एक तक्ता असतो: हा ड्रायव्हर अमुक उत्पादकाची अमुक क्रमांकांची उपकरणे चालवतो, किंवा अमुक वर्गातले काहीही चालवतो. कर्नल बसवताना डेपमॉड नावाची आज्ञावली सगळ्या मॉड्यूलांतले हे तक्ते गोळा करून ‘मॉड्यूल्स डॉट एलियास’ या हजारो ओळींच्या साध्या मजकुराच्या फाइलीत मांडते. नवे उपकरण दिसले की कर्नल त्याचा उत्पादक, क्रमांक आणि वर्ग एका ओळीत गुंफतो आणि यूडेव्ह या सेवेला वर्दी देतो. यूडेव्ह ती ओळ घेऊन फाइलीत जुळणी शोधते आणि सापडलेले मॉड्यूल कर्नलमध्ये भरायला लावते. रेल्वेच्या डब्यावर पूर्वी लावल्या जाणाऱ्या आरक्षणाच्या तक्त्यात प्रवाशाने आपले नाव शोधावे, तशी ही जुळणी आहे. तक्ता बरोबर असेल तर तिकीट तपासनिसाला कुणाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधावा लागत नाही. मॉड्यूल भरल्यावर ड्रायव्हर उपकरणाची स्वतः एकदा तपासणी करतो आणि ते आपल्याला जमण्यासारखे नसेल तर नकार देतो. एवढ्या सगळ्या साखळीत तर्काला वाव असलेली जागा जवळजवळ नाही. जे आहे ते मजकुराची मजकुराशी जुळणी.

हा तक्ता कुठे ठेवायचा, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न सोडवायला लिनक्सच्या जगाला बरीच वर्षे लागली. सुरुवातीला प्रत्येक वितरण, म्हणजे कर्नलभोवती बांधलेला वापरायला तयार संच, स्वतःची यादी पाळत असे. रेड हॅटकडे कुडझू होते, मँड्रेककडे हार्डड्रेक, डेबियनकडे डिस्कव्हर. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली नॉपिक्स आणले. सीडी घालताच कोणत्याही संगणकावर लिनक्स उभे राहते हे पाहून तेव्हा लोक चकित होत. ही सगळी कामे मेहनतीची होती, पण त्यांच्यात एक मूलभूत उणीव होती. ड्रायव्हर लिहिणारा एक, त्याचे नाव यादीत घालणारा दुसरा. कर्नलमध्ये नव्या कार्डाची सोय झाली तरी वितरणाच्या यादीत ती ओळ येईपर्यंत ते कार्ड परकेच राही, आणि प्रत्येक वितरणाला तीच ओळ नव्याने लिहावी लागे. जानेवारी २००१ मधल्या २.४ या आवृत्तीत ड्रायव्हरांनी आपले तक्ते स्वतःच बाळगायला आणि कर्नलने नव्या उपकरणाची वर्दी द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २००३ मधल्या २.६ या आवृत्तीबरोबर संगणकातल्या सगळ्या उपकरणांचा जोडणीनुसार नकाशा मांडणारी सिसएफएस आली. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याच वर्षी पुढे आणलेली यूडेव्ह तिच्या आधाराने उभी राहिली, आणि कर्नलच्या आत हेच काम करू पाहणारी डेव्हएफएस ही आधीची रचना २००६ मध्ये काढून टाकण्यात आली. वितरणांच्या स्वतंत्र शोधयंत्रणांची गरज मग हळूहळू संपली. त्या अधिक हुशार यंत्रणेपुढे हरल्या असे म्हणता येत नाही, कारण जे काम त्या करत होत्या तेच नाहीसे झाले. ज्याला खरे ठाऊक आहे त्यानेच नोंद लिहायची आणि ती सगळ्यांनी वापरायची, एवढा साधा बदल त्यांना भारी पडला.

नोंद जागेवर असली तरी काळवेळेचे काही प्रश्न उरतातच, आणि तिथेही उत्तर त्याच दिशेने सापडले आहे. सर्व ड्रायव्हर डिस्कवर असतात. पण डिस्क वाचायलाच जो ड्रायव्हर लागतो तो आणायचा कुठून? म्हणून सुरुवातीला गरजेपुरत्या मॉड्यूलांची एक छोटी गाठोडी, इनिटरॅमएफएस, थेट स्मृतीत उतरवली जाते आणि खरी डिस्क सापडली की तिचे काम संपते. दुसरा प्रश्न क्रमाचा. उपकरणे आता ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने येतात, त्यामुळे दोन नेटवर्क कार्डांपैकी आज ‘ईथ०’ झालेले उद्या ‘ईथ१’ होऊ शकते, आणि सर्व्हरवर असा घोटाळा महागात पडतो. कोण आधी आले यावर नाव ठेवणे हाही शेवटी एक अंदाजच. २०१३ पासून सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेने कार्ड संगणकाच्या कोणत्या स्लॉटमध्ये बसले आहे त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली. नावे लांबलचक आणि ओबडधोबड झाली म्हणून तक्रारी खूप झाल्या, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती जागची हलेनाशी झाली.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: विंडोजही हेच करते, आणि लिनक्सच्या आधीपासून करते, मग यात मुक्तस्रोताचे श्रेय ते काय? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. पीसीआय आणि यूएसबीचे क्रमांक दोघांनाही सारखेच मिळतात, आणि विंडोजच्या ड्रायव्हरसोबतही क्रमांकांची यादी असलेली फाइल येते. फरक आहे तो ड्रायव्हर कुणाच्या ताब्यात राहतो यात. विंडोजच्या जगात तो बहुधा उत्पादकाच्या ताब्यात असतो. त्या उत्पादकाने दुकान बंद केले किंवा जुन्या वस्तूत त्याला रस उरला नाही, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत ती वस्तू ओळखली जाते पण चालत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य मजकुरातच राहतात. त्या मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. कर्नलची आतली रचना जो बदलतो त्यानेच त्या बदलाने मोडणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा रिवाज आहे. म्हणूनच लिनक्स बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी आतली रचना गोठवून ठेवायला तयार नसते, आणि बंदिस्त ड्रायव्हर देणाऱ्या कंपन्यांना दर आवृत्तीला धावपळ करावी लागते. यात गैरसोय आहे, आणि ती जाणूनबुजून पत्करलेली आहे. जुने सगळेच कायम राहते असेही नाही. ८०३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस काढला गेला, आयडीई डिस्कांची जुनी यंत्रणा २०२१ मध्ये गेली. पण या निवृत्त्या सर्वांसमोर, कारणे देऊन झाल्या, आणि जुना मजकूर आजही ज्याला हवा त्याला उपलब्ध आहे. एका संगणकातली लिनक्सची डिस्क काढून वेगळ्याच बनावटीच्या संगणकात घातली तरी ती बहुधा तक्रार न करता सुरू होते, त्याचेही मूळ सगळे ड्रायव्हर एकाच घरात असण्यात आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि त्यात वजन आहे. सगळे इतके सुरळीत असेल तर लिनक्स टाकल्यावर वायफाय का चालत नाही, ग्राफिक्स कार्ड का रडते? अशा वेळी उपकरणांची यादी काढून पाहिली तर बहुधा असे दिसते की ओळख अगदी नेमकी पटलेली आहे; ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा कार्डाच्या कंपनीचे आणि नमुन्याचे नाव अचूक सांगते. अडते ते पुढे, दुसऱ्या कलमापाशी. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची तांत्रिक माहिती वर्षानुवर्षे बाहेर आली नाही. स्वयंसेवकांनी चिपांचे वागणे उलगडत ड्रायव्हर लिहिले, तर कुणी एनडिसरॅपर वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवण्याची कसरत केली. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि त्या चिपांपुरता प्रश्न सुटत गेला. एनव्हिडियाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ नंतरच्या कार्डांनी कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय महत्त्वाची कामे करायचे नाकारले, आणि नूव्हो हा खुला ड्रायव्हर कार्ड ओळखूनही ते पूर्ण वेगाने चालवू शकेना. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आत बसलेल्या छोट्या प्रोसेसरसाठीची आज्ञावली. आज कितीतरी उपकरणे ती स्वतःजवळ न ठेवता दर वेळी संगणकाकडून मागतात, आणि तिचा मजकूर बंद असतो. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पालाही २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-डिस्कवर ठेवायचे ठरवावे लागले, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते लागू झाले. त्याच सुमारास, मे २०२२ मध्ये, एनव्हिडियाने कर्नलमध्ये चालणारा आपल्या ड्रायव्हरचा भाग खुला केला. या साऱ्या प्रकरणांत लिनक्सची शोधयंत्रणा अधिक हुशार असती तरी काडीचा फरक पडला नसता.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. जगातल्या सर्वाधिक हातांत असलेला लिनक्स कर्नल अँड्रॉइड फोनांत आहे, आणि तिथे ही आपोआप ओळख मुळी घडतच नाही. संगणकावर जसे एकच लिनक्स हवे तिथे टाकता येते तसे फोनांवर टाकता येत नाही. मग हा सिद्धान्त फक्त टेबलावरच्या संगणकांपुरता आहे का? फोनाची चिप पाहिली की उलगडा होतो. एआरएम पद्धतीच्या त्या एकाच चिपेत कॅमेऱ्याचा, पडद्याचा, आवाजाचा असे अनेक भाग ठरावीक पत्त्यांवर कायमचे बसवलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक ‘तू कोण’ या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. म्हणजे आयएसएचीच स्थिती पुन्हा. प्रत्येक मदरबोर्डासाठी वेगळा मजकूर कर्नलमध्ये साचत चालला तेव्हा २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. चिपेला बोलते करणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या वतीने बोलणारी लेखी नोंद करायचे ठरले. डिव्हाइस ट्री नावाच्या या वर्णनात कोणत्या पत्त्यावर काय आहे आणि ते कोणत्या नावाच्या ड्रायव्हरशी जुळते, हे नीट मांडलेले असते. ही कल्पना सन आणि पॉवरपीसी संगणकांच्या ओपन फर्मवेअरमधून आलेली होती. डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालवणे शक्य झाले, अट एवढीच की त्या मदरबोर्डाचे वर्णन सोबत हवे. लॅपटॉपमध्येही सगळेच भाग बोलके नसतात. टचपॅडसारख्या भागांची वर्दी एसीपीआय या फर्मवेअरमधल्या तक्त्यांतून मिळते. फोनांची अडचण सिद्धान्त खोडत नाही. जिथे उपकरण बोलत नाही आणि त्याच्या वतीने कुणी उघडपणे लिहूनही ठेवत नाही, तिथे ऑपरेटिंग सिस्टिमपुढे अंदाजाखेरीज काही उरत नाही, हेच ती दाखवते.

चौथा आक्षेप मात्र कराराच्या मुळावर येतो. उपकरणाच्या शब्दावर विसंबायचे, आणि ते खोटे बोलले तर? खोटे बोलल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. भारतात २०१० च्या आसपास घरोघरी दिसणारे इंटरनेटचे अनेक डोंगल जोडल्यावर आधी ‘मी सीडी ड्राइव्ह’ असे सांगत, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असे. लिनक्सवर ते सीडी बनूनच बसत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीने पहिल्याच कलमाचा शस्त्रासारखा वापर केला. तिच्या यूएसबी-सीरियल चिपेची नक्कल करणाऱ्या चिपा ०४०३ आणि ६००१ हे मूळ चिपेचेच क्रमांक सांगत. कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने अशा नकली चिपा हेरून त्यांचा उपकरण-क्रमांक कायमचा शून्य करून टाकला, आणि आपण विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे माहीतही नसलेल्या ग्राहकांची यंत्रे मुकी झाली. ओरड झाल्यावर ते अद्यतन मागे घेतले गेले. लिनक्सने तर आपल्या ड्रायव्हरच्या तक्त्यात शून्य क्रमांकाची ओळ घालून त्या चिपा पुन्हा चालत्या केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी हा हल्ला मांडला: पेन ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करून तिला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावायची, आणि मग ती आपणच हुकूम टंकू लागते. हा दोष खरा आहे, पण तो ओळखीचा आणि विश्वासाचा घोळ केल्याचा आहे. कुणाला हाक मारायची हे ठरवण्यापुरतेच उपकरणाचे म्हणणे पुरेसे असते. आत घ्यायचे की नाही हा निर्णय निराळा. लिनक्समध्ये तो निराळा ठेवताही येतो. नवे यूएसबी उपकरण परवानगीवाचून सुरूच होऊ नये असे कर्नलला सांगण्याची सोय आहे, आणि यूएसबीगार्ड ही आज्ञावली त्याच सोयीवर नियमांची यादी बसवते. बहुतेक घरगुती संगणकांवर हे पहारे बंद असतात, कारण सोयीचे पारडे जड ठरते. ती आपली निवड आहे.

डोंगलचा प्रश्न कसा सुटला ते पाहिले की दुसऱ्या कलमाची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते. योसुआ डीट्झ यांनी यूएसबी-मोडस्विच ही छोटी आज्ञावली लिहिली. खोटी सीडी दिसली की तिला ठरावीक संदेश पाठवायचा आणि खऱ्या रूपात यायला लावायचे, एवढेच तिचे काम. पण कोणत्या डोंगलला कोणता संदेश लागतो हे एका माणसाला कळणे अशक्यच होते. ती यादी वापरणाऱ्यांनी आपापल्या डोंगलची माहिती कळवत वाढवली, आणि पुढे अनेक वितरणांनी घेतली. कुणा अनोळखी देशातल्या एकाने शोधलेली ओळ मग त्याच नमुन्याचा डोंगल घेतलेल्या इथल्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडली. मार्टिन मारेश यांनी सुरू केलेली पीसीआय क्रमांकांची नावे देणारी यादीही अशीच लोकांच्या भरीने वाढत गेली. एखाद्या कार्डाचा क्रमांक ड्रायव्हरच्या तक्त्यात नसेल, पण चिप ओळखीची असेल, तर सिसएफएसमधल्या ‘न्यू आयडी’ या फाइलीत तो क्रमांक लिहून ड्रायव्हर चालतो का हे कुणालाही पाहता येते. त्यासाठी कर्नल नव्याने बांधावा लागत नाही. चालला तर ती एक ओळ मूळ तक्त्यात पाठवायची, आणि पुढच्या आवृत्तीपासून ते कार्ड सर्वांसाठी ओळखीचे होते. हार्डवेअरच्या ओळखीतला हा भाग बंदिस्त पद्धतीत होऊ शकत नाही. तिथे चूक सापडली तरी ती दुरुस्त करायची दोरी दुसऱ्याच्या हातात असते.

हे सारे मान्य केले तर खरेदीच्या वेळी विचारायचे प्रश्नही बदलतात. ‘ही सिस्टिम माझे हार्डवेअर ओळखेल का’ या प्रश्नाचे ओझे सिस्टिमवर टाकलेले आहे आणि ते चुकीच्या खांद्यावर आहे. विचारायला हवे ते विक्रेत्याला: या वस्तूचा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य मजकुरात आहे का, तिला लागणारे फर्मवेअर वितरणासोबत वाटण्याची परवानगी आहे का, तिची तांत्रिक माहिती प्रसिद्ध केलेली आहे का. एकट्या ग्राहकाच्या प्रश्नाला उत्पादक फारशी दाद देणार नाहीत. पण शाळा, विद्यापीठे, महापालिका आणि सरकारी कार्यालये शेकड्यांनी यंत्रे घेतात, आणि निविदेतल्या अटी ती स्वतःच लिहितात. तिथे या तीन ओळी आल्या तर दहा वर्षांनी ती यंत्रे नव्या आवृत्तीवर चालतील की भंगारात जातील, हे खरेदीच्या दिवशीच बरेचसे ठरून जाईल. आपोआप होणाऱ्या ओळखीचे श्रेय यंत्राच्या अकलेला देत राहिलो तर ती बिघडल्यावर दोषही आपण यंत्रालाच देऊ. करार कोणी मोडला हे विचारण्याची सवय लागली, तर तो पाळायला लावणेही जमेल.